दर्भाचा कावळा

"बुवा, अण्णांनाच विचारू का?"

यशोधनने असे विचारताच घाटावरच्या सगळ्यांनी माना वळवल्या. त्याचे वडील, अण्णा, जाऊन आज दहावा दिवस. पिंड मांडून तास झाला होता आणि कावळा चार हातांवर बसून नुसता बघत होता.

गेलेल्याची इच्छा राहिली की कावळा शिवत नाही, म्हणून मामा-काकांनी हात जोडून वचने दिली. आईला सांभाळू. घर विकणार नाही. कावळा ढिम्म. शेवटी गुरुजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिववू आणि उरकून टाकू.

नरहरबुवा छत्री धरून पायरीवर बसले होते. यशोधन दहा वर्षे त्यांच्या पायाशी बसत आला होता, आणि आपण पुष्कळ शिकलो असे त्याला मनापासून वाटे.

उत्तराची वाट न बघता यशोधनने फोन काढला. गेले नऊ दिवस तो एकच काम करत होता. अण्णांनी पाठवलेले आवाजी निरोप त्याने यंत्राला शिकवले होते, आणि आता यंत्र अण्णांच्या आवाजात उत्तरे देई.

"अण्णा, काही इच्छा राहिली का तुमची?"

"नाही रे बाळा. सगळं मनासारखं झालं. सुखात राहा."

तोच आवाज, तसाच मधे खोकला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. यशोधनचाही ऊर भरून आला.

कावळा जागचा हलला नाही.

"सगळे निरोप घातलेस यात?" बुवांनी विचारले.

"सगळे."

बुवा त्याच्याकडे बघत राहिले...

यशोधनने फोन खाली घेतला. "शेवटच्या महिन्यातले सहा सोडून."

त्यांत काय होते ते विचारायची गरज नव्हती. धाकट्या बहिणीने, कालिंदीने, जातीबाहेर लग्न केले, तेव्हा यशोधननेच तिला घर बंद केले होते. आजारपणात अण्णांनी एकच धोशा लावला होता, तिला बोलाव. याने बोलावले नाही. आज ती आपणहून आली होती आणि वरच्या पायरीवर एकटी उभी होती.

"ऐकवत नव्हते ते," यशोधन म्हणाला. "ते काढले... मग अण्णा शांत बोलायला लागले."

"गुरुजी दर्भाचा कावळा करू म्हणतात," बुवा म्हणाले. "तो तर तू घरूनच घेऊन आलास."

यशोधनला आधी राग आला. मग तो राग कुठे ठेवावा ते कळेना. फोनमधून अण्णा पुन्हा म्हणाले, सुखात राहा. त्याने तो बंद केला आणि कावळ्यासमोर हात जोडले.

"बुवा... काय सांगू याला?"

बुवा उठले. पिंडाकडे पाठ करून त्यांनी आपली छत्री त्याच्या जोडलेल्या हातांत दिली.

"त्याला कशाला? ती केव्हाची उन्हात उभी आहे."