मुंगूसताईचं मागचं दार

मुलांनो, कुणी न सांगता तुमच्या घराला मागचं दार काढून ठेवलं, तर त्याची मजुरी तुम्ही द्याल का?

फार पूर्वी माळावरच्या मुंगूसताईवर अशीच वेळ आली. बाळंतपण अगदी जवळ आलं होतं, म्हणून तिने साळिंदरमामांना बीळ खणायला सांगितलं. मजुरी ठरली एक टोपली रताळी. काम झालं आणि मामा काटे फुलवून बिळाच्या तोंडाशीच बसले.

"ठरलेल्या टोपलीवर आणखी एक दे, मग आत जा. मागचं दारही काढलंय!"

"अगं बाई! मी कधी सांगितलं, मामा?"

"हल्ली सगळेच काढून घेतात."

तेवढ्यात ताईच्या पोटात कळ आली. तरी ती हटली नाही. "खडक लागला तेव्हा तुम्ही मला बोलावून दाखवलात. त्याची जादा रताळी मी तिथल्या तिथे दिली. दाराचं मात्र विचारलं नाहीत. घेऊन जा तुमचं दार!"

झाडावरच्या खारी खिदळल्या, "मामा, दार डोक्यावर नेणार की पाठीवर?"

मामा तावातावाने दार बुजवायला मागच्या उताराकडे धावले. ते हलताच ताई झटकन आत शिरली. मामांनी उतारावरून माती वर ओढून आणावी आणि ती पुन्हा घरंगळून जावी! शेवटी धापा टाकता टाकता त्यांना स्वतःचंच हसू आलं.

"राहू दे, पोरी," ते दारातून ओरडले. "आधी विचारायला हवं होतं मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा ठरलेली एक टोपली घेऊन गेले, आणि बिळात मुंगसाची पिल्लं चीं चीं करत होती.