पडद्याआडचा कोळसा

डोंगरमाथ्यावरच्या एका गारठलेल्या जंगलात एक साळिंदर राहत असे. तिथे बिळाबिळांत उबेची पेटी होती बरं का, मुलांनो! पेटीत एका बाजूने हायड्रोजन वायू जाई, दुसऱ्या बाजूने हवेतला प्राणवायू. मधला प्लॅटिनमचा पत्रा दोघांची सोयरीक जमवून देई आणि पेटी तापू लागे. पत्रा मात्र भारी दुर्मीळ, कड्याखालच्या दरीतून आणावा लागे. साळिंदरभाऊंचा पत्रा सर्वांत मोठा, म्हणून त्यांचा तोरा काय विचारता!

ऐन थंडीत तो पत्रा निकामी झाला. भाऊंनी त्याच्या जागी नुसता कोळसा घालून पाहिला. पेटी ढिम्म! मग त्यांनी आपले गळलेले काटे लाकडाबरोबर बंद मडक्यात भाजले आणि तो कोळसा घातला. काय आश्चर्य, काट्यांतला नायट्रोजन कोळशात मुरल्याने तोच सोयरीक जमवू लागला आणि पेटी पहिल्यासारखी तापली! आनंदाने उडी मारायची की नाही? पण भाऊंना लाजच वाटली. "माझ्या पेटीत कोळसा? चारचौघांत नाक कापलं जाईल!" असे म्हणत त्यांनी पेटीपुढे पानांचा पडदा लावला.

एके सकाळी शेजारची सशीण धावत आली. "भाऊ, माझ्या पेटीचा पत्रा गेला हो. पिल्लं काकडलीत. दुसरं काही चालत नाही का?"

खरे उत्तर भाऊंच्या अगदी ओठांवर आले होते. पण ते म्हणाले, "छे, ताई! प्लॅटिनमवाचून पान हलत नाही."

बिचारी पिल्लांना त्यांच्याकडे ठेवून कडा उतरायला निघाली. तिला थांबवायला भाऊंची जीभ काही रेटली नाही.

दुसऱ्या दिवशी सशीण परतली ती लंगडत, रिकाम्या हातांनी. कड्यावरून घसरून तिचा पाय अधू झाला होता, तो कायमचाच. पिल्ले पडद्याआडून धावत येऊन तिला बिलगली. त्यांच्या भुऱ्या पाठी काळ्याकुट्ट झाल्या होत्या. सशिणीने पडदा सारून पेटीत पाहिले.

"कोळसाच आहे की हा," ती हळूच म्हणाली. "भाऊ, मी हेच तर विचारलं होतं."

एरवी ताठ उभे राहणारे भाऊंचे काटे अंगाला चिकटून बसले. धरणी पोटात घेईल तर बरे, असे त्यांना झाले. त्यांनी पडदा ओरबाडून टाकला, अर्धा कोळसा सशिणीच्या पेटीत नेऊन घातला आणि आपले गळलेले काटे वाटून साऱ्या जंगलाला ते भाजायला शिकवले. जंगल त्यांना शाबासकी देई. पण सशीण लंगडत समोरून गेली, की भाऊंची मान आपोआप खाली जाई.

तात्पर्य : स्वस्त वस्तू वापरण्यात लाज नसते, ती लपवून दुसऱ्याला संकटात लोटण्यात असते.