उंबरवाडीचा कावळा

उंबरवाडी नावाच्या एका लहानशा गावात, उंबराच्या झाडावर एक कावळा आपल्या म्हाताऱ्या आईबरोबर राहत असे. मुलांनो, कावळ्यांचे पोट माणसांच्या उष्ट्याखरकट्यावर चालते. उंबरवाडीत पाऊस पडेनासा झाला, तशी माणसे कामधंद्यासाठी शहरात गेली. एकेका दाराला कुलूप लागले. ज्या गावात चूलच पेटत नाही, तिथे कावळ्याने खावे तरी काय? शेवटी तो आईला म्हणाला, "आई, मी पण शहरात जातो. चार दिवस पोटभर खातो, अंगात जरा बळ आलं की परत येतो." आईच्याने आता एवढे लांब उडवत नव्हते. ती म्हणाली, "जा बाळा. मला काय, उंबरं पुरतील. पण लवकर ये."

शहरात नदीच्या घाटावर त्याची चांगली सोय झाली. कुणाच्या घरचे माणूस गेले, की दहाव्या दिवशी लोक त्याच्या नावाने तिथे भाताचा पिंड ठेवत. कावळा पिंडाला शिवला की सगळ्यांना हायसे वाटे. नाही शिवला, तर गेलेल्याची एखादी इच्छा राहून गेली असे समजून ते हात जोडत, शब्द देत. घाटावरचा एक जुना, लबाड कावळा त्याला म्हणाला, "हे बघ, लगेच खाली उतरायचं नाही. आपण ताणून धरलं की ही माणसं घाबरतात आणि भाताशेजारी वडे आणून ठेवतात. मग जायचं!" ही विद्या शिकून आपला कावळा चांगला गुबगुबीत झाला. संध्याकाळी मात्र तो उंबरवाडीच्या दिशेला तोंड करून बसे. आईची त्याला आठवण येई. "उद्या जाऊ," असे तो रोज म्हणे, आणि रोज सकाळी घाटावर पुन्हा ताजा भात येई. पावसाळा गेला, हिवाळाही गेला.

एके दिवशी एका रखवालदाराचे दहावे होते. मुलाने पिंड ठेवला आणि हात जोडून म्हणाला, "बाबा, आईला मी अंतर देणार नाही." कावळे हलले नाहीत. "ताईचं लग्न थाटात करून देईन." तरीही नाहीत. "थांब, आता वडे येतील," लबाड कावळा कुजबुजला. ऊन चढले. तेव्हा रखवालदाराची बायको पुढे झाली आणि पिंडासमोर बसून म्हणाली, "अवो, तुमचा जीव कशात अडकलाय ते मला ठाऊक हाय. दर दिवाळीला म्हणायचात, पुढच्या वर्षी उंबरवाडीला जाऊ. जाणं काही झालं न्हाई. तुमचं तेराव्याचं पान आता मी आपल्या घरीच वाढते, उंबराखाली."

गावाचे नाव ऐकले आणि कावळ्याला राहवेना. त्याने झेप घेतली, पिंडाला चोच लावली आणि घास तसाच टाकून तो गावाच्या वाटेने उडाला. "अरे वेड्या, वडे!" लबाड कावळा ओरडत राहिला. इकडे मुलगा मात्र "शिवला! बाबांची तीच इच्छा होती," म्हणत आईच्या गळ्यात पडून रडू लागला.

कावळा उंबरावर पोचला. घरट्याच्या काड्या होत्या, आई नव्हती. फांदीवरची खार म्हणाली, "उशीर केलास रे! थंडीत गेली ती. कुठलंही पाखरू आलं की विचारायची, माझा लेक दिसला का?" कावळा घरट्यापाशी बसून खूप रडला. शहरातून कमावून आणलेले बळ त्याला नकोसे झाले.

तेराव्याच्या दिवशी त्या बाईने गावी येऊन घराचे कुलूप काढले, चूल पेटवली, रांधले आणि उंबराखाली पान मांडून "काव, काव" अशी हाक मारली. सबंध गावात कावळा तो एकच. तो वरून पानाकडे बघत राहिला, पण खाली उतरला नाही. बाईने पुन्हा पुन्हा हात जोडले. "आणलं की तुम्हाला घरी," ती कळवळून म्हणाली, "आता आणखी कसली इच्छा राहिली?"

राहिलेली इच्छा कावळ्याची होती, हे तिला कोण सांगणार?

तात्पर्य : पोटासाठी गाव सोडावे लागते, त्यात कमीपणा नाही, पण आपली वाट पाहणारे कुणी आहे, तोवरच परत जावे. मागाहून गेल्यास घर भेटते, माणूस भेटत नाही.