अठ्ठावीस हातांचा दोर

प्रभूच्या कृपेने इथे जमलेल्या भाविकांनो, आज शांतवनबाबांच्या चरित्रातली एक गोष्ट सांगतो. ऐकताना हसू आले तर खुशाल हसा. बाबा स्वतः ती आठवून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत असत.

प्रवरेपासून दोन कोस आत, माळावर, घोडेपिंपळ नावाचे गाव होते. बाबांचा तिथे दर वर्षी उपवासकाळात मुक्काम असे. खांद्यावर घोंगडी, हातात एकतारी, मुखी प्रभू येशूचे नाव. एवढाच त्यांचा संसार. गवताने शाकारलेल्या प्रार्थनामंदिराच्या ओट्यावर ते उतरत. भजनाला ख्रिस्ती वस्तीतली माणसे येत, तशी गावातलीही येऊन बसत. बाबा कुणालाच 'तू कोण' म्हणून विचारत नसत. 'जेवलास का' एवढे मात्र आवर्जून विचारत.

त्याच मंदिरामागे सालूबाई दोर वळत असे. बाप्तिस्म्याचे नाव सालोमी, पण ते वस्तीच्या जिभेवर काही बसले नाही. नवरा जाऊन बारा वर्षे झालेली, पोटी मूल नाही. अंबाडीचा वाख, म्हणजे सालीचे धागे, सोलावा, त्याचे तीन पेड करावेत, पीळ घालावा आणि पीळ घालता घालता देवाशी बोलावे, असा तिचा दिवस जाई. बोलणेही कसे? शेजारणीशी कुंपणावरून बोलावे तसे, तक्रारींसकट!

त्या वर्षी गावविहीर आटली. चाळीस हात खोल विहीर, तळाला चिखलसुद्धा उरला नाही. आणखी खोल खणायचे ठरले, पण माती वर ओढायचे जुने नाडे, म्हणजे जाड दोर, कुजून तुटलेले. धोंडिबा पाटील चिंतेत पडले. तेव्हा सालूबाई आपणहून म्हणाली, "नाडा म्या वळते पाटील. देवाची चाकरी म्हणून वळते." घरातला सगळा वाख संपेपर्यंत ती वळत राहिली. नाडा मनगटाएवढा जाड झाला, पण अठ्ठावीस हातांवर वाख संपला. उरलेले बारा हात नवा वाख मिळाला की जोडू, असे ठरले.

दोर वळणाऱ्यांची तिथे एक रीत होती. नवा दोर आधी वळणाऱ्याने स्वतःचा भार टाकून पाहायचा, मगच दुसऱ्याच्या हाती द्यायचा. त्याप्रमाणे रविवारची उपासना आटोपल्यावर नाडा चिंचेच्या फांदीला बांधला गेला आणि पन्नाशी उलटलेली सालूबाई लुगड्याचा काष्टा आवळून त्याला लोंबकळली. पोरीबाळींनी टाळ्या पिटल्या. बाबांनी एकतारीवर ठेका धरला. सालूबाई झोका घेत ओरडली, "धरतोय गं बायांनो, धरतोय!" हसून हसून वस्तीची मुरकुंडी वळली.

तेवढ्यात नथानिएलराव मोजणीदार तिथे आले.

हे गृहस्थ याच वस्तीतले. आई लवकर गेली, तेव्हा सालूबाईनेच 'नाथा, नाथा' म्हणत त्यांना मांडीवर घेऊन भरवले होते. 'मावशी, मावशी' करत ते तिचा पदर सोडत नसत. पुढे शिकले, जमीन मोजणीच्या खात्यात लागले, डोक्यावर टोपी आणि काखेत लोखंडी साखळी आली. ती साखळी आली आणि मावशीची सालूबाई झाली. 'मी मोजले नाही ते मी मानत नाही,' हे त्यांचे लाडके वाक्य होते. ते ऐकून ऐकून गावाचे कान किटले होते.

त्यांनी नाडा सोडवून खाली घेतला, मोजला आणि मंदिराच्या भिंतीवर खडूने लिहिले: २८ हात.

"विहीर चाळीस हात, दोर अठ्ठावीस!" ते म्हणाले. "सालूबाई, तुझी श्रद्धाही अशीच. मध्येच लोंबकळते, तळाला काही पोहोचत नाही. बरं सांग, देव आहे असं तू कशावरून म्हणतेस?"

सालूबाई गोंधळली, पण गप्प बसली नाही. "एवढुशा बियातून पुरुषभर अंबाडी उगवती. कुणीतरी योजल्याबिगर कशी उगवंल?"

नथानिएलरावांनी दोराच्या सुटलेल्या टोकातून वाखाचा एक धागा उपटला आणि कटकन तोडला. "उगवते आपोआप. पुढे?"

"कुणी बघत नसलं तरी खोटं बोलल्यावर आत टोचतं. ते टोचणारं कोण?"

"बापाच्या माराची आठवण." दुसरा धागा तुटला.

"प्रभूचे शिष्य भेदरून दार लावून बसले हुते. जित्ता झालेला प्रभू बघितला अन् तेच मरणाला भ्याले न्हाईत. लबाडीपायी कुणी जीव देतं का?"

"माणसं वेड्या समजुतीपायीही जीव देतात." तिसरा तुटला.

"आन् तहान लागती ती पाणी असतं म्हणूनच ना? मला देवाची तहान लागती." चौथा. "मालक गेले तवा म्या हिरीत उडी टाकाया निघाले हुते. त्यानं मला माघारी फिरवलं." पाचवा.

पाच तुकडे तिच्या पायांशी टाकून ते म्हणाले, "एक तरी धरला का?" सालूबाईच्या डोळ्यांत पाणी तरारले.

बाबा ओट्यावरून उठले आणि ते तुकडे वेचून त्यांनी घोंगडीच्या पदरात बांधले. मग म्हणाले, "राव, एकेकटा वाख कुणीही तोडील. बाईंनी काय वळलंय ते तुम्ही अजून ओढून पाहिलंच नाही."

"मग काय करू? मीही चिंचेला लोंबकळू?"

"एवढंच करा. एकांतात बसून म्हणा, 'तू असशील तर मला भेट.' पण मनापासून म्हणा."

"मी मानतच नाही, तर माझी प्रार्थना खोटी नाही का होणार?"

"परक्या दारात उभं राहून 'कोणी आहे का?' म्हणून हाक मारणारा खोटं बोलतो का राव?" बाबा म्हणाले. "त्याला ठाऊक नसतं, म्हणून तर तो विचारतो. फक्त दार उघडलं तर पळून जायचं नाही, एवढं मनाशी ठरवून विचारा."

नथानिएलराव हसले आणि साखळी खळखळवत निघून गेले.

सालूबाई बाबांपाशी येऊन स्फुंदू लागली. "बाबा, मला एक बी उत्तर धड देता आलं न्हाई. माझ्यापायी देवाचं हसं झालं."

"बाई, देव त्याने लहान होत नाही. तुम्ही त्या लेकरासाठी मागा. मी तुमच्याबरोबर मागतो."

मग ती दिवसभर नाड्याला हात फिरवत एकच मागत राहिली: "देवा, माझ्या नाथाला गाठ. कसं गाठायचं ते तुझं तू बघ."

सोमवारी सकाळी माणसे विहिरीवर जमली. खडक कुठे लागतो ते मोजायला नथानिएलराव स्वतः खाली निघाले. "थांब, नाडा कमरंला बांध," सालूबाई म्हणाली. "अठ्ठावीस हातांचा?" असे म्हणत ते विहिरीच्या भिंतीत बसवलेल्या पायदगडांवरून सराईतपणे उतरले. तळाशी पोहोचून त्यांनी साखळी लावली. त्याच वेळी वरची भिंत फुगली आणि धडाधड कोसळली. सगळे पायदगड तिच्याबरोबर गेले. धूळ बसल्यावर पाहतात तो नथानिएलराव ढिगाऱ्यावर उभे, आणि डोक्यावर भिंतीचा उरलेला भाग थोडी थोडी माती गाळत पुढे झुकलेला. तो आता पडेल की मग पडेल, अशी गत.

"दोर! दोर आणा!" पाटील ओरडले.

दोर एकच होता, आणि तो किती लांब आहे हे भिंतीवर खडूने लिहिलेले होते. कुणी म्हणाले धोतरे बांधा, पण गाठी मारायलाही वेळ नव्हता. नाडा छातीशी धरून सालूबाई बाबांकडे वळली. "बाबा, बारा हात कमी हाय."

"तुमच्याकडे आहे तेवढा सोडा बाई. उरलेल्याची काळजी ज्याची आहे त्याला करू द्या."

"प्रभू येशू, तूच!" म्हणत तिने दोर सोडला. वरचे टोक आठ जणांनी धरले.

खाली नथानिएलराव वर बघत होते. दोर येताना दिसला, आणि या परिस्थितीतही गृहस्थांचा हिशेब सुरूच! "पोहोचणार नाही!" ते ओरडले. "माझी उंची आणि हात मिळून पाच, ढिगारा एक! तरी सहा हात उरतात! मी मोजलाय!"

"मोजलंत ते खरं आहे!" बाबांनी वरून हाक दिली. "आता हात वर करा!"

मातीचे एक ढेकूळ नथानिएलरावांच्या खांद्यावर आदळले. सगळे आकडे संपले. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाने डोळे मिटले आणि कुणाला ऐकवण्यासाठी नव्हे, वाद जिंकण्यासाठी नव्हे, अगदी मनापासून म्हटले, "तू असशील तर मला भेट. मी पळणार नाही." आणि हात वर केला.

हातात दोर आला!

नुसते टोक नव्हे, कमरेला दोन वेढे घालून गाठ मारता येईल इतका आला. "धरला! मावशी, धरला!" विहिरीतून आवाज घुमला. सालूबाई सगळ्यांच्या पुढे पाय रोवून उभी राहिली आणि नऊ जणांनी नाडा ओढला. नथानिएलराव काठावर आले न आले, तोच झुकलेली भिंत गडगडत खाली गेली. पाठोपाठ खळखळ असा आवाज झाला. माणसे वाकून बघतात तो कोसळलेल्या जागेतून मोकळा झरा फुटलेला! ज्या ढिगाऱ्यावर मोजणीदार उभे होते, तो बघता बघता पाण्याखाली गेला. "पाणी! पाणी!" करत अख्खे गाव नाचू लागले. धोंडिबा पाटलांनी तर बाबांना उचलूनच घेतले. बाबा आपले, "अहो ठेवा, एकतारी मोडेल," म्हणत हसत होते.

नथानिएलराव मात्र नाचले नाहीत. कमरेची गाठ सोडून त्यांनी नाडा जमिनीवर पसरला आणि टोकापासून टोकापर्यंत मोजला. मग पुन्हा मोजला. तिसऱ्यांदा पाटलांकडून मोजवून घेतला. अठ्ठावीस हात. बोटभरही जास्त नाही.

ते मातीत बसले आणि लहान मुलासारखे रडू लागले. थोड्या वेळाने उठून ते बाबांच्या पायांकडे वाकले, तशी बाबा दोन पावले मागे सरले. "माझ्या नव्हे राव. ज्यांचा पदर सोडलात, त्यांच्या पायांवर आधी डोकं ठेवा. मग आपण सगळेच मिळून प्रभूपुढे वाकू."

नथानिएलरावांनी टोपी काढली आणि सगळ्या गावादेखत सालूबाईच्या चिखलाने भरलेल्या पायांवर डोके ठेवले. "मावशी, मी तुझा दोर हसण्यावारी नेला."

"उठ रं लेकरा," ती त्यांच्या केसांतली माती झाडत म्हणाली. "जेवलास का सकाळी?"

बाबांनी घोंगडीच्या पदराची गाठ सोडली. आत वाखाचे ते पाच तुकडे होते. नथानिएलरावांनी ते दोन्ही हातांनी घेतले आणि खालमानेने मावशीपुढे धरले. "हे आता काही कामाचे नाहीत ना?"

"कामाचे न्हाईत कसे?" सालूबाई तिथेच फतकल मारून बसली. "राहिलेले बारा हात वळायचे हायेत. तुटका वाख बी पिळात घेतला की धरतो. बस हितं, पेड धर."

नथानिएलरावांनी लोखंडी साखळी बाजूला ठेवली, मावशीसमोर मांडी घातली आणि पेड धरला.