अंबादासला हाक

“मग मी कुणापुढं म्हणत होतो, आप्पा?”

म्हातारा लिंबाखालच्या बाजेवर बसून शेंगा फोडत राहिला.

विचारणारा होता रवितेज येमूल. या नावानं त्याला आता फारसं कोणी ओळखत नाही. तो रॅप करतो, आणि स्टेजवरचं त्याचं नाव भोंगा. गिरणीचा भोंगा झाला की सगळं सोलापूर कान टवकारायचं, तसं आपल्याला ऐकावं म्हणून त्यानं ते नाव घेतलं होतं. झालंही तसंच. पुणं, मुंबई, पार दिल्लीपर्यंत त्याचे शो व्हायला लागले. पोरं रांगा लावायची, दंडावर त्याचं नाव गोंदवून घ्यायची.

म्हातारा म्हणजे मल्हारीआप्पा, गोंधळी. रवितेजचं जुनं घर त्यांच्या भिंतीला भिंत लावून होतं. लहानपणी तो त्यांच्या संबळासमोर मांडी घालून बसायचा. शब्द तालावर कसा टाकायचा, श्वास कुठं चोरायचा, हे तो तिथंच शिकला.

आता आप्पांचे हात थरथरत. गोंधळाला बोलावणं येत नसे. शेजारची घरं रिकामी झाली होती. दुपारी त्या गल्लीत माणसाचा आवाज नसायचा.

“नीट सांग,” आप्पा म्हणाले. “काय झालं पुण्यात?”

“मी मधेच थांबलो.”

“बरं.”

“माझं ते गाणं आहे ना, बापावरचं. सगळ्यात जास्त तेच चालतं. शेवटाला ते म्हणायचं, असं ठरलेलंच असतं. तसं म्हणायला लागलो. अर्ध्यात आलो आणि पुढचा शब्दच निघेना. माईक खाली केला...”

“मग?”

“मग काहीच नाही, आप्पा. गाणं चालूच राहिलं. समोरची सगळी पोरं म्हणत होती, उड्या मारत होती. मोबाइलचे दिवे हलवत होती. मी थांबलोय हे कुणाला कळलंच नाही. मी मागं जाऊन पडद्याआड उभा राहिलो... तरी कळलं नाही.”

आप्पांनी टरफलं बाजूला सारली.

“ते नाचत म्हणत होते. अंबादास, अंबादास. टी-शर्टवर छापून घेतलंय त्यांनी. आजपर्यंत एकानंही विचारलं नाही, अंबादास कोण म्हणून.”

अंबादास येमूल, रवितेजचा बाप. चादरीच्या कारखान्यात मागावर, सूत घेऊन धावणाऱ्या धोट्यापाशी उभं राहून त्याचं आयुष्य गेलं. त्या खडखडाटात त्याचे कान गेले, अगदी ठार. पोरगा रॅप करतो, हे त्याला माहीत होतं. पोराचे ओठ भराभर हलतात, एवढंच त्यानं पाहिलं होतं. ते बघून तो हसायचा.

तो गेला तेव्हा रवितेज दिल्लीत होता. पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

गाणं त्यानं त्यानंतर लिहिलं.

“मॅनेजर म्हणतो, हेच यश. पब्लिकनं गाणं आपलंसं केलं,” रवितेज म्हणाला. “मग माझं काय राहिलं? त्या दिवसानंतर मी शो केला नाही. आज इथं सोलापुरात आहे, संध्याकाळी, मैदानावर. पोस्टर लागलीत. मी अजून हो म्हणलेलं नाही.”

“मग इकडं कशाला आलास?”

“तुम्ही सांगा म्हणून. सोडून देऊ का?”

आप्पांनी एक शेंग फोडली, दाणे त्याच्या हातावर ठेवले. त्यानं ते खाल्ले नाहीत.

“गोंधळात आम्ही देवांना बोलावतो,” आप्पा म्हणाले. “एकेकाचं नाव घेऊन.”

“माहीत आहे.”

“तू विचारलं होतंस मला एकदा. बारका होतास.”

“काय?”

“देव येतात का म्हणून.”

“तुम्ही काय सांगितलं होतं?”

“मी म्हटलं, बघायला सवड कुणाला असते? पुढचं नाव घ्यायचं असतं.”

रवितेज कोरडं हसला. त्याला वाटलं, म्हातारा आता जुन्याच गोष्टी काढणार. इतक्या लांबून आपण उगाच आलो. त्याच्या गाण्याला लाखो लोक होते, आणि मनातलं बोलायला हे एकच दार होतं. तेही बंद निघालं, असं त्याला वाटलं.

“ते गाणं म्हण,” आप्पा म्हणाले.

“इथं?”

“मी ऐकलं नाही अजून.”

“बीट नाही काही. मागचं म्युझिक...”

“म्हण की.”

रवितेज उठला. अंगणात उभा राहिला. हात कुठं ठेवावेत, कळेना त्याला. माईक नव्हता. समोर एक म्हातारा, एक बाज आणि कडक ऊन.

त्यानं सुरुवात केली.

“धोटा गेला, धोटा आला, बापाचे कान घेऊन गेला,
दारातनं मी हाक मारली, बाप सूत जोडत राहिला...”

आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला. मोकळ्या गल्लीत तो फार बारीक लागत होता. दोन-चार ओळी झाल्या. त्यानं आप्पांकडं पाहिलं.

आप्पांचे डोळे मिटलेले होते.

आणखी एक ओळ. मान हळूहळू छातीवर आली. हातातली शेंग मांडीवर घरंगळली. श्वास संथ चालू झाला.

म्हातारा झोपला होता.

रवितेज थांबला. चेहरा तापला त्याचा. पुण्यात निदान कोणीतरी नाचत तरी होतं. इथं तेवढंही नाही. गाडीची किल्ली खिशात होती, गाडी गल्लीच्या तोंडाशी होती. निघून गेला असता तर कुणाला पत्ता लागला नसता.

तो दोन पावलं गेलाही.

पण पुढची ओळ बापाच्या नावाची होती. ती घशाशी येऊन बसली होती. तशीच ठेवून जाववेना.

“अंबादास...” तो म्हणाला.

गल्लीत कोणी नव्हतं. शेजारच्या घराला कुलूप होतं. तेच त्याचं जुनं घर. त्या दाराकडं तोंड करून त्यानं पुढची ओळ म्हटली. मग त्याच्या पुढची. त्याचा आवाज फाटला, तरी तो थांबला नाही. फाटक्याच आवाजात त्यानं ते गाणं शेवटापर्यंत नेलं. बाप गेल्यापासून एवढं सावकाश त्यानं ते कधी म्हटलं नव्हतं.

संपलं तेव्हा त्याचं तोंड ओलं झालं होतं. त्यानं ते शर्टाच्या बाहीनं पुसलं.



मग खिशातला फोन थरथरला. मॅनेजर होता. येतोयस की नाही, एवढंच विचारत होता.

“येतोय,” रवितेज म्हणाला.

तो बाजेपाशी आला. वाकून आप्पांच्या पायांना हात लावला. पाय गार होते. मान तशीच छातीवर, डोळे तसेच मिटलेले.

त्याला राहवलं नाही.

“आप्पा... जागे आहात का?”

“नाही,” आप्पा म्हणाले. “तू म्हणत जा.”