गोंदाचा लिंब

फार फार वर्षांपूर्वी एका गावात दोन कुंभार शेजारी राहत. एक गोंदा आणि दुसरा सटवा. गोंदाच्या अंगणात, सटवाच्या कुडाला लागून, भलामोठा कडुलिंब होता. कच्चं मडकं उन्हात घाईनं वाळलं की तडकतं, सावलीत सावकाश वाळलं की टिकतं. लिंबाखाली शंभर रांजण मावत, म्हणून राजाच्या पाणपोयांचं काम दरवर्षी गोंदाला मिळे.

सटवाचा हात काही कमी नव्हता. पण गोंदाचे रांजण गाडीत चढताना पाहिले की त्याच्या पोटात दुखे. "झाड त्याचं, म्हणून नाव त्याचं!" असं तो बायकोला रोज ऐकवी. बिचारीचे कान किटले होते.

एके दिवशी कुडावरून डोकावताना सटवाला लिंबाच्या बेचक्यात भुशाची जाळीदार पट्टी दिसली, आणि तिच्या टोकाला एक भोक. तो राजाच्या बागेत कुंड्या पोचवायला जाई. तिथल्या माळ्यानं त्याला सांगितलं होतं, की ही साल खाणारी अळी. दिवसा भोकात दडते आणि रात्री साल खाते. जाळी खरवडावी, भोकात तार घालून अळी मारावी, तेलाचा बोळा कोंबून वर चिखल लिंपावा. अर्ध्या दिवसाचं काम, आणि कुंभाराच्या दारी चिखलाला काय तोटा!

पण सटवा गप्प बसला. खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटलं.

पुढच्या वर्षी शेंडे वाळू लागले, तेव्हा गोंदा स्वतःच आला. "दादा, तू राजाच्या बागेत जातोस. माझ्या लिंबाला काय झालंय, बघ की."

"लिंबाला कुठं रोग असतो व्हय?" सटवा हसला. "त्यो समद्या गावाचं औषध. फुटंल पुन्हा."

गावही तेच म्हणे. गोंदानं विश्वास ठेवला. आणखी दोन पावसाळे गेले. अळ्या फांद्याफांद्यांत शिरल्या, पोखरलेल्या बुंध्याला वाळवी लागली. झाड घरावर पडेल या भीतीनं गोंदानं शेवटी डोळे पुसत ते तोडलं.

त्या उन्हाळ्यात रांजणांचं काम सटवाकडे आलं. त्यानं हौसेनं रांजण घडवले आणि अंगणभर मांडले. सकाळी छपराची सावली होती. दुपार कलली आणि ऊन थेट रांजणांवर आलं. आजवर त्या वेळी तिथं गोंदाच्या लिंबाची सावली पडे. आपली मडकी कधी तडकत नाहीत, याचं श्रेय सटवा आपल्याच हाताला देत आला होता.

रांजण एकामागून एक तडकू लागले. सटवाची आरडाओरड ऐकून गोंदा ओली पोती घेऊन धावत आला आणि एकेक रांजण झाकू लागला. सटवाला राहवलं नाही.

"गोंदा, नगं रं. ती अळी मी पयल्याच वर्षी पाहिली व्हती."

गोंदाचा हात थांबला. "उपाय ठाऊक व्हता?"

"व्हय."

घातलेली पोती गोंदानं एकेक करून काढली आणि तो घरी गेला.

संध्याकाळपर्यंत एकही रांजण धड उरला नाही. कुडापलीकडून सटवाला पुन्हा कुणी दादा म्हणून हाक मारली नाही.

तात्पर्य : मत्सरानं दडवलेलं शहाणपण आधी शेजाऱ्याचं झाड खातं आणि मग आपलंही अंगण उन्हात टाकतं.