बासष्टचा आकडा

“किती दावतंय?”

“बासष्ट,” रणधीर म्हणाला. “ठेवलं त्या दिवशीही बासष्टच होतं, बुवा. तुम्हीच बघितलं होतंत.”

निरंजनबुवांच्या मठाची रीत साधी होती. व्यसन सोडणाऱ्याने आपली वस्तू बुवांच्या गुरूंच्या समाधीशेजारच्या कोनाड्यात आणून ठेवायची. कोनाड्याला ना कडी, ना कुलूप. तिथे तंबाखूच्या चंच्या होत्या, मिश्रीच्या डब्या होत्या, विड्यांची बंडलं होती.

रणधीर इंगवले पडला इंजिनिअर. त्याने ठेवलं होतं व्हेपचं यंत्र, म्हणजे बॅटरीवर चालणारी, वाफ ओढायची सिगारेट. वर चारचौघांना ऐकू जाईल असं सांगितलंही होतं, “माझ्यावर विश्वास ठेवू नका. बॅटरीचा आकडा बघा. एक झुरका ओढला तरी तो उतरतो.”

तीन महिन्यांत आकडा जागचा हलला नव्हता.

उद्या मठात कॉलेजच्या मुलांचं व्यसनमुक्तीचं शिबिर होतं. मुलांसमोर बसून बोलायचा मान बुवा कुणाला तरी देणार होते. रणधीरला तो हवा होता. बायकोला तर त्याने सांगूनही टाकलं होतं.

आता खरी गोष्ट. रणधीर दर गुरुवारी झाडलोटीच्या निमित्ताने पहाटे यायचा, यंत्र खिशात घालून विहिरीमागे जायचा आणि मनसोक्त ओढायचा. परत ठेवताना आतला सेल काढून दुसरा घालायचा, घरून बरोब्बर बासष्टपर्यंत भरून आणलेला. शहाणा माणूस चोरीसुद्धा मोजूनमापून करतो. या गुरुवारी मात्र नेहमीचा सेल चार्ज होईना, म्हणून त्याने खणात पडलेला एक जुनाट सेल भरून आणला होता. आकडा बासष्ट आला, म्हणजे झालं.

“ब्येस,” बुवा म्हणाले. “आता बटण दाब.”

“कशाला?”

“तोंडाला लावू नगंस. निस्तं दाब.”

“पण बुवा, आकडा दिसतोय की...”

बुवा घोंगडीवर जरा सावरून बसले. मग म्हणाले, “आमचा ट्रान्झिस्टर हाय न्हवं? त्याचं सेल उन्हात तापवून घातलं की झकास लागतो. बातम्या सुरू झाल्या की मरतो.”

रणधीरचं हसू मावळलं. ज्याचं पोट यंत्रांवर चालतं त्याला याहून जास्त सांगायची गरज नव्हती. आकडा दिसतो तो स्वस्थ बसलेल्या सेलचा. काम पडलं की जुना सेल आपली जात दाखवतो.

नाही म्हणावं, तर का म्हणून विचारतील...

त्याने बटण दाबलं.

यंत्रातली तार तापली. आंब्याच्या वासाची वाफ वर आली. बासष्टचे एकतीस झाले... एकतीसचे नऊ... लाल दिवा लुकलुकला आणि यंत्र बंद पडलं.



रणधीरने यंत्र परत ठेवायला हात पुढे केला, तेव्हा त्याला पहिल्यांदाच दिसलं. चंच्यांवर, डब्यांवर, बंडलांवर बोटभर धूळ होती. त्याचं यंत्र तेवढं लख्ख होतं. तीन महिने ते बुवांच्या डोळ्यांसमोर तसंच चकाकत होतं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

“किती?” बुवांनी विचारलं.

“नऊ.”

“त्ये न्हवं. किती डाव वडलंस?”

“दर गुरुवारी...” तो म्हणाला. “आणि... मंगळवारीसुद्धा, बुवा.”

मंगळवारचं कुणालाच ठाऊक नव्हतं. ते का सांगितलं, हे त्याचं त्यालाही कळलं नाही. तो खाली वाकला, बुवांच्या पायांवर डोकं टेकलं, आणि वर बघायची लाज वाटून तसाच राहिला.

“शिबिराला दुसरं कुणीतरी बघा,” तो म्हणाला. “माझी लायकी नाही.”

बुवा आपल्या घोंगडीवर थोडे बाजूला सरकले. शेजारी एक माणूस बसेल एवढी जागा झाली.

“सकाळी सातला ये,” ते म्हणाले. “आत्तापातुर तुझ्यापाशी पोरांस्नी सांगण्याजोगं कायबी नव्हतं.”